एव्हिस पार्जिटरची जीभ

एव्हिस पार्जिटरच्या जिभेला हाड नव्हतं. विनलो हॉल या जमीनदारी वाड्यात नव्यानं कामाला लागलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळायचं, आणि पोरगी जरा हळवी असली तर सकाळच्या चहाच्या आतच कळायचं. पण त्याच जिभेला चव अशी होती की तिला सगळं माफ होतं. वाटाण्याचा एक दाणा चावून ती सांगायची, हा पहाटे दवात तोडलेला की दुपारच्या उन्हात. पातेल्याच्या वाफेवरून तिला कळायचं, आतल्या पार्सनिपच्या कंदांना थंडीचा पहिला कडाका बसलाय की आयव्हरनं ते घाईघाईनं आधीच उपटलेत. थर्सबी घराण्याच्या दोन पिढ्या तिच्या हातचं जेवून गोलमटोल झाल्या, आणि तिच्या तोंडचं ऐकून घेऊन गप्प बसल्या.

ती या घरात पंधराव्या वर्षी भांडी घासायला आली. तेव्हा स्वयंपाकघर बेबबाईंच्या ताब्यात होतं. चुकलेल्या पोरीच्या बोटांवर बेबबाई पळीचा दांडा हाणायच्या. एव्हिसनं तो मार खाल्ला, ओठ चावून काम शिकली, आणि बेबबाई गेल्यावर त्यांची पळी, त्यांचा ॲप्रन आणि त्यांचा स्वभाव असं सगळंच उचललं. हात उगारायचे दिवस संपले होते म्हणून ती फक्त बोलायची. "रडायचंय ना? मग कांद्याच्या टोपलीपाशी बसून रड. निदान दोन कांदे तरी चिरून होतील." हे ती एका पोरीला म्हणाली, आणि पोरगी खरंच कांदे चिरत रडली. संध्याकाळी नोकरांच्या टेबलावर तिनं हा किस्सा त्या पोरीसमोरच सगळ्यांना सांगितला.

लग्न झालं होतं तिचं. क्लेम पार्जिटर इस्टेटीच्या जंगलात लाकूडतोड करायचा. एका हिवाळ्यात बीचचं झाड उलट्या बाजूला पडलं आणि क्लेम त्याच्याखाली गेला. मूलबाळ नव्हतं. फाटकाजवळचं दोन खोल्यांचं दगडी घर तिला राहिलं, पण ते क्लेमची विधवा म्हणून नव्हे, हॉलची स्वयंपाकीण म्हणून. पळी हातात आहे तोवर घराची किल्ली हातात, असा तिथला रिवाज होता. पळी गेली की किल्ली परत. एव्हिसला हे पाठ होतं आणि ते कधी कधी तिला झोपेतून उठवायचं.

आता आयव्हर प्रीसबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

आयव्हर हॉलचा माळी. सीमेपलीकडच्या वेल्समधला, कमी बोलणारा, गुडघ्यावर बसून आयुष्य घालवलेला माणूस. हॉलच्या मागे उंच विटांच्या भिंतीतली जुनी भाजीबाग त्याच्या हाती होती. क्लेम गेल्यानंतर दुसऱ्या वसंतात एके सकाळी तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आला. बूट काढून हातात घेतलेले, दुसऱ्या हातात वर्षातल्या पहिल्या वाटाण्याच्या शेंगांची परडी, केस पाण्यानं चापून बसवलेले. तसाच मोज्यांवर तो आत आला आणि टेबलाशी उभा राहून म्हणाला, "पार्जिटरबाई, मी विचार करत होतो, की तुम्ही पण एकट्या आणि मी पण."

एव्हिसनं त्याच्या पायांकडे पाहिलं. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"अरे आयव्हर," ती म्हणाली, "तुझा अंगठासुद्धा तुझ्याबरोबर राहायला तयार नाही, आणि तू मला विचारतोस?"

तीन पोरी आणि कोळसेवाला त्या वेळी स्वयंपाकघरात होते. सगळे हसले. एव्हिस सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग तिनं त्याला झाडूनं दाराबाहेर लोटलं आणि फर्मान काढलं, की आजपासून माळ्याचा पाय या उंबऱ्याच्या आत पडता कामा नये, मोज्यात असो की बुटात. ते फर्मान तिनं आयुष्यभर पाळलं, आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला अंगठ्याच्या किश्शासकट सांगितलं. मग ते इस्टेटभर झालं. गावच्या दारूच्या गुत्त्यातही लोक आयव्हरच्या पायांकडे बघून विचारायचे, अंगठा बरा आहे ना? आयव्हरनं पुढे कधीच लग्न केलं नाही. भाजीची टोपली तो दाराबाहेरच्या फरशीवर ठेवायचा, टोपीला हात लावायचा आणि विचारायचा, "उद्या काय आणि किती आणू, पार्जिटरबाई?" ती आतून सांगायची. एवढंच.

दरम्यान काळ बदलला. मोठ्या घरांचं छप्पर नुसत्या खानदानावर टिकेनासं झालं. थोरल्या बाईसाहेब, म्हणजे लेडी लव्हिनिया थर्सबी, विधवा झाल्या, आणि त्यांची सून पिपा लंडनहून आली ती डोक्यात शंभर कल्पना घेऊन. नोकरमंडळी तिला धाकट्या बाई म्हणायची. धाकट्या बाईंनी बाग लोकांना बघायला खुली केली. भिंतीतल्या जुन्या वाणांच्या भाज्या, ज्या आयव्हर निमूटपणे वर्षानुवर्षं बी धरून जगवत होता, त्या एकाएकी प्रदर्शनाच्या वस्तू झाल्या. जांभळ्या शेंगांचा वाटाणा, काळ्या सालीचा कंद, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे थर्सबी भोपळा. फिकट पांढरा, दुधीसारखा लांबट, बोटभर जाड गराचा. जगात दुसरीकडे कुठे नाही असं म्हणायचे. एव्हिस त्याचं सेजची सुवासिक पानं आणि लोणी घालून सूप करायची. ते सूप प्यायला लोक दोन दोन तास गाडी चालवत यायचे.

आणि मग एका हिवाळ्यात एव्हिसला फ्लू झाला.

ताप आठवड्यानं उतरला. वास आणि चव परत आली नाही. आधी तिला वाटलं सर्दी आहे, मग वाटलं अशक्तपणा आहे. एका सकाळी ती शेगडीपाशी उभी होती, समोर दूध करपून पातेल्याला काळं धरत होतं, आणि तिला पत्ताच नव्हता.

"पार्जिटरबाई, दूध जळतंय," बाहेरून आयव्हर म्हणाला. तो टोपली ठेवायला आला होता.

तिनं पातेलं खेचलं. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं तिच्याकडे. बाहेर उभ्या माणसाला जो वास येतो तो शेगडीशी नाक असलेल्या बाईला येत नाही, याचा अर्थ काढायला आयव्हरला फार वेळ लागला नाही.

"कुणाला बोललास तर बघ," ती म्हणाली.

"मी कशाला बोलू?" आयव्हर म्हणाला. "वाटलं तर मी चाखून सांगत जाईन. इथं बाहेरूनच. आत येणार नाही, काळजी नको."

एव्हिसच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आयव्हर प्रीस भला माणूस वाटला, आणि हे तिनं त्याला सांगितलं नाही, कारण सांगायची तिला सवयच नव्हती.

तेव्हापासून असं ठरलं. रोज जेवणाआधी, पोरी वर टेबल मांडायला गेल्या की, भांडी घासायच्या खोलीच्या खिडकीतून ती पळी बाहेर काढायची. खिडकी कोळशाच्या कोठाराकडे उघडायची, तिथं दुसरं कुणी फिरकत नसे. आयव्हर फुंकर मारून चाखायचा, जरा विचार करायचा आणि सांगायचा. बहुतेक वेळा म्हणायचा, "आणखी चिमूटभर मीठ, पार्जिटरबाई." कधी म्हणायचा, "झालं, फक्कड." मिठाची बरणी पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होते हे तिच्या लक्षात आलं होतं. पण आंधळ्यानं रस्ता सांगणाऱ्याशी वाद घालावा का? ती घालत नसे. वर जेवणघरातून ताटं स्वच्छ होऊन यायची, आणि थोरल्या बाईसाहेब रोजच्यासारखा निरोप पाठवायच्या, "फार छान होतं, एव्हिस." म्हणजे झालंच की. ती पोरींवर पूर्वीसारखीच, किंबहुना जरा जास्तच, तोंडसुख घेऊ लागली. दात दुखणारा कुत्रा जास्त भुंकतो, तसं.

धाकट्या बाईंनी त्या उन्हाळ्यात बागेच्या मुख्य वाटेवर लोखंडी कमान उभी केली आणि तिच्यावर शोभेचे भोपळे चढवले. हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे, फोड आलेले, बदकाच्या मानेचे. खायच्या कामाचे नव्हेत, नुसते कडू. लोक त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढायचे.

भोपळ्याचं बी धरणं म्हणजे लग्न जुळवण्यापेक्षा किचकट काम. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या हेरून त्यांची तोंडं लोकरीनं बांधायची, म्हणजे मधमाशी दुसऱ्या भोपळ्याचा पराग घेऊन आत शिरणार नाही. सकाळी सोडून, नरफूल मादीफुलावर घासून, मादी पुन्हा बांधायची. मग त्या फळाच्या देठाला लाल लोकरीचं कडं घालायचं, की हे बियाण्याचं. आयव्हर तीस उन्हाळे हे करत आला होता. त्या उन्हाळ्यात त्याचा गुडघा सुजला. खाली बसला की उठता येईना. त्यानं दोन दिवस केलं, मग सोडून दिलं. मधमाश्या कमानीवरून वाफ्यात आणि वाफ्यातून कमानीवर मनासारख्या हिंडल्या. शरद ऋतूत आयव्हरनं दोन चांगली फळं निवडली, देठांना नुसतं लाल लोकरीचं कडं बांधलं आणि बी धरलं. बघणाऱ्याला काय कळणार? त्याचं त्याला तेवढं माहीत होतं.

पुढच्या वर्षी त्या बियांचे वेल आले. काही फळं नेहमीची, काही जरा हिरवट. सप्टेंबरात कापणीचं जेवण होतं. लांब टेबल, मेणबत्त्या, बाहेरून आलेले पाहुणे, गावचे पाद्री आणि त्यांची बायको, आणि पहिला पदार्थ थर्सबी भोपळ्याचं सूप.

त्या संध्याकाळी एव्हिसनं मोठ्या हंड्यातून पळी भरली आणि खिडकीतून बाहेर काढली. आयव्हरनं फुंकर मारली आणि घोट घेतला.

त्याची जीभ आतल्या आत आखडली. ते नुसतं कडू नव्हतं, ते विष होतं, आणि ते कुठून आलं हे त्याला त्या क्षणी कळलं. कमानीवरून आलं होतं. आता "टाकून द्या" म्हटलं तर सगळे विचारणार, का? मग लोकर निघणार, गुडघा निघणार, तीस वर्षं जपलेला वाण एका आळसानं बुडवला हे निघणार. आयव्हरनं घोट गिळला.

"काय रे?" एव्हिसनं विचारलं. "बोल ना लवकर. वर घंटा वाजायची वेळ झाली."

"फक्कड," आयव्हर म्हणाला. "वाढा."

आणि तिनं वाढलं.

वर जे झालं ते त्या खानदानी लोकांमध्येच होऊ शकतं. पहिला चमचा तोंडात गेला. मग सगळ्यांनी थोरल्या बाईसाहेबांकडे पाहिलं. लेडी लव्हिनिया ताठ बसून, चेहऱ्यावर रेषही न हलवता, चमच्यामागून चमचा पीत होत्या. त्या युद्धाच्या काळात वाढलेल्या, ताटात टाकणं त्यांना ठाऊक नव्हतं. यजमानीण पितेय म्हटल्यावर पाहुण्यानं तोंड वाकडं करायचं कसं? "जुनी चव असते ही," एक गृहस्थ म्हणाले. "हल्लीच्या भाज्यांना कुठली?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "अगदी वेगळंच, हं." पाद्रीसाहेबांच्या बायकोनं आपली वाटी हळूच नेच्याच्या कुंडीत रिकामी केली आणि म्हणाली, "फार छान." एकोणीस जणांपैकी एकानंही म्हटलं नाही की हे कडू आहे.

दहा वाजायच्या आत पोटं मुरडायला लागली. गाड्या रस्त्यात थांबल्या. हॉलच्या प्रत्येक न्हाणीघराबाहेर रेशमी कपड्यांतली माणसं रांगेत उभी राहिली, आणि त्याही अवस्थेत एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत राहिली. नेच्याची कुंडी तेवढी आठवड्यानं वाळली. ज्यांनी अर्धी वाटी ठेवली होती ते सकाळपर्यंत सावरले. लेडी लव्हिनियांनी वाटी चाटूनपुसून संपवली होती. त्या चार दिवस अंथरुणाला खिळल्या, आणि एकदा तर डॉक्टरांनी मुलाला परदेशातून बोलावून घ्यायला सांगितलं.

"भोपळा कडू निघाला," डॉक्टर स्वयंपाकघरात येऊन म्हणाले. "असला कडू की जिभेचं टोक लागलं तरी थुंकून टाकावं. मला एकच कळत नाही. हे वाढण्याआधी कुणी चाखलं नाही?"

"मी चाखते," एव्हिस म्हणाली. "नेहमीच चाखते."

"आणि?"

नाही चाखलं म्हणावं तर स्वयंपाकीण कसली? चाखलं आणि कडू लागलं म्हणावं तर जाणूनबुजून विष वाढलं. चाखलं आणि कळलं नाही म्हणावं, तर किल्ली गेली.

"तेव्हा बरं लागलं होतं," ती म्हणाली. "नंतर कडू झालं असणार. मुरल्यावर."

डॉक्टरांनी मागे उभ्या असलेल्या धाकट्या बाईंकडे पाहिलं. त्यांच्या मनात वेगळीच धाकधूक होती. त्या तडक बागेत गेल्या आणि आयव्हरला विचारलं, की माझ्या कमानीवरच्या भोपळ्यांमुळे तर हे झालं नाही ना?

"छे हो," आयव्हर म्हणाला. "मी एकूण एक फूल लोकरीनं बांधलं होतं. तुम्ही लाल कडी पाहिलीत ना? जुन्या वाणात कधीमधी निघतं एखादं फळ असं. म्हणून तर शेगडीशी चाखणारी स्वयंपाकीण लागते."

धाकट्या बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरलेला धोंडा कुठंतरी ठेवायला लागतोच.

त्या दुपारी एव्हिस स्वतः बागेत गेली. कित्येक वर्षांनी गेली असेल. आयव्हर भोपळ्याचे वेल उपटून जाळायला रचत होता.

"आयव्हर, तू चाखलं होतंस," ती म्हणाली. "तू फक्कड म्हणालास."

"म्हणालो."

"कडू नव्हतं?"

"होतं की."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग सांगितलं का नाहीस रे?"

आयव्हरनं पाठ सरळ केली. आजवर तो तिला अहोजाहो करत आला होता. "एव्हिस," तो म्हणाला, "तुझ्या तोंडात आता नुसती लाकडाची फळी आहे. तुला स्वयंपाकघर असलं काय, नसलं काय? तुला कुठं चव कळणार आहे?"

"माझं घर जाईल. आयव्हर, तू त्यांना सांग, तू चाखलंस म्हणून. माझ्यासाठी सांग." ती चिखलात गुडघ्यावर बसली. ही बाई, जिनं आयुष्यात कुणासमोर मान वाकवली नव्हती. "मी तुला वाईट वागवलं, कबूल आहे. पण असा नको वागूस रे."

"ऊठ," आयव्हर म्हणाला. "गुडघे खराब होतात. मला माहितेय." आणि तो वेल रचायला लागला.

ती रात्रभर विचार करत राहिली, आणि तिनं एक बेत केला. ती म्हणणार होती, की सूप शिजलं तेव्हा गोड होतं, कडूपण नंतर उतरलं. मग कुणी उरलेलं सूप चाखायला दिलं तर ती तोंड वाकडं करणार होती, थुंकणार होती, आणि म्हणणार होती, बघा, आता झालंय कडू, तेव्हा नव्हतं. तिला माहीत होतं कडू खाल्ल्यावर चेहरा कसा होतो. तिनं आरशासमोर दोनदा करूनही पाहिला.

दुसऱ्या दिवशी धाकट्या बाई स्वयंपाकघरात आल्या. हातात झाकलेली वाटी. मागच्या दाराबाहेर आयव्हर टोपली घेऊन उभा होता, पोरी भांड्यांशी होत्या.

"एव्हिस," धाकट्या बाई फार मऊ आवाजात म्हणाल्या, "हे जरा चाखून सांगता? म्हणजे डॉक्टरांना नीट सांगता येईल."

वाटीत फिकट पांढरं सूप होतं, वर सेजचं पान. एव्हिसनं चमचा घेतला. तोंडात ऊबेशिवाय काहीच आलं नाही. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, ओठ मुडपले, मग तोंडाशी रुमाल धरला आणि थुंकली.

"देवा रे! कडूजहर!" ती म्हणाली. "बघा, आता कसं झालंय. त्या दिवशी असं नव्हतं हो, शपथ."

एका पोरीच्या हातातून ताटली निसटून पाण्यात पडली.

"हे मी आज सकाळी केलंय, एव्हिस," धाकट्या बाई म्हणाल्या. "चांगल्या फळाचं. घरातल्या लहानथोर सगळ्यांना आधी चाखायला दिलंय. माझ्या मुलांनी दोन दोन वाट्या प्यायल्या."

एव्हिसच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

"कधीपासून?" धाकट्या बाईंनी विचारलं.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मग एव्हिसनं बोट दाराकडे केलं. "त्यानं चाखलं होतं! मला येत नाही चव, नाही येत, पण तो रोज चाखतो! खिडकीतून! त्या दिवशी त्यानंच फक्कड म्हटलं! विचारा त्याला!"

सगळ्यांनी आयव्हरकडे पाहिलं. आयव्हरनं टोपी काढली. "बाईंना धक्का बसलाय," तो म्हणाला. "मी त्यांच्या स्वयंपाकघरातलं चाखणार? मला त्या दाराच्या आत घेत नाहीत, हे सगळ्या इस्टेटीला माहीत आहे."

आणि त्या पोरी, ज्यांना प्रत्येकीला अंगठ्याचा किस्सा पहिल्याच दिवशी ऐकवला गेला होता, त्या हसल्या. हसायचं नव्हतं त्यांना, पण हसू आलं. जी कांदे चिरत रडली होती ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. एव्हिस ओरडत राहिली, खिडकी, खिडकी, आणि जितकी ओरडली तितकी खोटी दिसली.

"नाताळपर्यंत राहा तुम्ही घरात," धाकट्या बाई म्हणाल्या. "अजिबात घाई नाही. तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत."

त्या लोकांत याहून कठोर वाक्य नाही. ते ऐकलं की माणसानं सामान बांधायला घ्यायचं असतं.

तेवढ्यात वरून घंटा वाजली. चार दिवसांत पहिल्यांदा थोरल्या बाईसाहेबांना भूक लागली होती. धाकट्या बाईंनी आपल्या पातेल्यातलं सूप वाटीत ओतलं, ट्रे उचलला आणि वर गेल्या. एव्हिस टेबलाशी बसली. आयव्हर दारात तसाच उभा होता, आत न येता.

थोड्या वेळानं धाकट्या बाई रिकामी वाटी घेऊन खाली आल्या. त्या हसत होत्या, आणि त्यांचे डोळे ओले होते.

"पूर्ण वाटी प्यायल्या," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटलं तुम्हीच केलंय. म्हणाल्या, एव्हिसला सांग, आज किती दिवसांनी पूर्वीसारखं झालंय. तिच्या आजारपणापासून सगळं खारट ढोण असायचं, पण तिला वाईट वाटेल म्हणून आम्ही कधी बोललो नाही."

"खारट?" एव्हिस म्हणाली.

"अहो, फारच. सगळंच. रोज." धाकट्या बाई ट्रे पुसत होत्या. "आम्ही पाणी पिऊन पिऊन जेवायचो. बाईसाहेब तर त्या रात्रीसुद्धा म्हणाल्या, कडू लागलं तेव्हा मला वाटलं एव्हिसचं आणखी एक बिघडलंय, म्हणून संपवून टाकलं. कुणीतरी एकदा सांगायला हवं होतं तुम्हाला, नाही का?"

त्या हिवाळ्यापासूनचं प्रत्येक पातेलं एव्हिसच्या डोळ्यांसमोरून गेलं. प्रत्येक पळी, खिडकीतून बाहेर काढलेली. प्रत्येक चिमूट, तो म्हणाला म्हणून टाकलेली. भोपळ्याच्या रात्री नव्हे, दूध जळालं त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. तिनं दाराकडे पाहिलं.

आयव्हर तिच्याकडे बघत नव्हता. त्यानं टोपली फरशीवर ठेवली, टोपी डोक्यावर घातली आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं, "शनिवारसाठी लीकच्या जुड्या काढायच्यात, धाकट्या बाई. किती आणू?"